आईची गोळी, आईचं अर्पण

प्रिय मावशी,

माझी आई ७२ वर्षांची आहे. स्तनाचा कॅन्सर होता, आता हाडांत उतरलाय. कंबर आणि उजवी मांडी. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात, पण ती घेत नाही. फार मागे लागले तर एखादी पॅरासिटामॉल. म्हणते, "हे दुखणं मी येशूला अर्पण केलंय, तुझ्या भावाची दारू सुटावी म्हणून. गोळी घेतली तर मग अर्पण काय करू?" रात्री दोन-अडीचला उशीचं टोक दातांत धरून कण्हते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू येतंच. भाऊ शेजारच्या खोलीत पिऊन झोपलेला असतो. मला नोकरी आहे, मुलगी दहावीला आहे. परवा मी आईवर ओरडले, "तुझा येशू तरी मागतो का हे?" आणि मग दिवसभर रडत राहिले. आत्या म्हणते, "रडतेस काय, तूही अर्पण कर." मावशी, आपल्या धर्मात खरंच असं सांगितलंय का? आणि अजून एक, जे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. गोळी कुटून आईच्या चहात घातली तर चालेल का?

एक लेक, वडगाव शेरी

*

मावशी म्हटलंस, म्हणून अगंतुगं करते.

आधी चहाचं, कारण ते तातडीचं आहे. नको घालूस. मॉर्फिनच्या काही गोळ्या बारा तास सावकाश उतरतील अशा बनवलेल्या असतात. कुटल्या की बारा तासांचं औषध एका दमात अंगात जातं, आणि ज्या बाईने आजवर ते कधी घेतलंच नाही तिचा श्वास मंदावू शकतो. साधी गोळी असली तरी आपल्याला काय दिलंय हेच तिला माहीत नसेल, तर गुंगी आली, मळमळलं, हे ती कुणाला आणि कशाबद्दल सांगणार? शिवाय मॉर्फिन कडू असतं. चाळीस वर्षं घरातला चहा जिने केला तिला चव कळणार नाही असं तुला वाटतं का? आणि कळलं, की त्या दिवसापासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा ती हुंगून पिईल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात फार थोडं उरलेलं असतं. कुणाच्या हातून काय घ्यायचं, हे त्यातलं एक.

आता धर्माचं. हे सदर वाचणारे बरेच जण कॅथलिक नाहीत, म्हणून चार वाक्यं जास्त लिहिते. तू ती ऐकत मोठी झालीस, तरी वाच.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेत, द्राक्षारसाचा चषक तयार करताना फादर त्यात पाण्याचा एक थेंब घालतात. मागच्या बाकावरून दिसतही नाही. द्राक्षारस ख्रिस्ताचा, थेंब आपला. एकदा मिसळला की वेगळा काढता येत नाही. दुःख अर्पण करणं म्हणजे तो थेंब. पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात चोविसाव्या वचनात म्हटलंय की ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं आहे ते मी माझ्या देहात मंडळीसाठी भरून काढतो. या 'उणं' शब्दावर पुष्कळ लोक अडखळतात. क्रुसावरचं काम अर्धवट राहिलं आणि ते तुझ्या आईच्या मांडीच्या हाडाने पुरं व्हायचंय, असं चर्चने कधीही शिकवलेलं नाही. काम पुरं झालंय. आपल्याला त्यात हात लावू दिलाय, एवढाच त्याचा अर्थ. पोळ्या लाटणाऱ्या आईजवळ पोर बसतं, आई त्याला गोळाभर कणीक देते, तसं. पोराच्या पोळीवाचून कुणी उपाशी राहणार नसतं.

तुझी आई रोज सकाळी जी अर्पणाची प्रार्थना म्हणत असेल, तिचा प्रसार झाला तो फ्रान्समधल्या व्हाल्स गावी १८४४ साली सुरू झालेल्या एका चळवळीतून. गंमत अशी की ती आजाऱ्यांसाठी नव्हतीच. मिशनवर जायला उतावीळ झालेले, अभ्यासाला कंटाळलेले, जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचे विद्यार्थी होते. त्यांना त्यांच्या गुरूने सांगितलं, बाबांनो, सध्या हा अभ्यासच अर्पण करा. त्या प्रार्थनेत आपण काय काय देतो बघ: प्रार्थना, कामं, आनंद आणि दुःखं. आनंदही देतो! घरोघरी मात्र तेवढं दुःखाचंच लक्षात राहिलं. आईने शेवटचा कुठला आनंद अर्पण केला, हे तिला एकदा विचार. चिडून नाही, खरंच विचार.

गाडी नेमकी कुठे घसरते, याचा मी बरीच वर्षं विचार केलाय. आपण मराठी माणसं. क्रूस गळ्यात असला तरी 'भोग' हा शब्द आपल्या जिभेवरून गेलेला नाही. भोग आहेत ते भोगून संपवायचे. आणि दुसरा शब्द नवस. तुझ्या आईचं माहेर श्रीरामपूरकडचं असेल तर हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला ती लहानपणापासून गेली असेल. तिथे लोक नवस बोलतात, फेडतात, मीही बोललेय. पण नवसाला हिशोब असतो. अमुक झालं तर तमुक करीन. आणि मधेच मोडला तर कोप. तुझी आई तोंडाने अर्पण म्हणतेय, पण तिच्या मनात जे चाललंय तो नवस आहे. गोळी घेतली की नवस मोडला, नवस मोडला की पोरगा गेला. बाईने मुलाचा जीव स्वतःच्या कमरेला बांधून घेतलाय. अशा बाईला 'गोळी घे' म्हणणं म्हणजे तिच्या कानी 'मुलाला सोड' असं पडतं. म्हणून ती ऐकत नाही.

अर्पणात असा सौदा नसतो. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, कुणाचंच नाही. आणि त्याला बरं केलं. शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. आजारी माणूस समोर आला आणि येशूने त्याला 'असाच राहा, पित्याला अर्पण कर' म्हणून परत पाठवलं, असं एकदाही सापडायचं नाही. आंधळ्या बार्तीमयाला तर त्याने आधी विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" दिसत होतं की समोर, आंधळा आहे! तरी विचारलं. हा प्रश्न तू आईला विचारलायस का? मॉर्फिन घेतेस का, हा नव्हे. तुला काय हवंय, हा.

औषधाबद्दल चर्चचं म्हणणं स्पष्ट आहे, आणि ते आजकालचं नाही. इटलीतल्या भूलतज्ज्ञांनी नेमकं हेच विचारलं होतं. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी उत्तर दिलं: वेदना कमी करणारं औषध घेता येतं, श्रद्धावंतालाही. वेदना सोसलीच पाहिजे असं बंधन नाही. १९८० साली व्हॅटिकनने पुन्हा लिहिलं की कुणी स्वतःहून औषध बेताने घेऊन थोडी वेदना ख्रिस्तासोबत सोसायचं ठरवलं तर त्याचा मान ठेवावा, पण ते सगळ्यांवर नियम म्हणून लादणं शहाणपणाचं नाही. दोन्ही बाजू बघ. तुझ्या आईला हा हक्क आहे. तिची तेवढी मुभा चर्च मानतं, तूही मान. आणि पोप सोळावे बेनेडिक्ट २००७ च्या आशेवरच्या परिपत्रकात अर्पणाच्या या जुन्या सवयीबद्दल लिहितात की तिच्यात अतिरेक झाले, काही वेळा अनारोग्यकारक वापरही झाला, तरी तिच्यातलं मर्म पुन्हा उचलण्याजोगं आहे. रोजच्या बारीकसारीक टोचण्यांबद्दल बोलत होते ते. हाडांत उतरलेल्या कॅन्सरबद्दल नव्हे.

आई कदाचित म्हणेल, क्रुसावर चढवण्याआधी येशूला वेदना बोथट व्हावी म्हणून बोळ मिसळलेला द्राक्षारस देत होते, तो त्याने नाकारला. खरं आहे, मार्काने लिहिलंय. तिला योहानही वाचून दाखव. शेवटी तो म्हणाला, मला तहान लागली. कुणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज काठीवर वर केला, आणि तो त्याने घेतला. जगाचं तारण चाललेलं असतानाही तहान लागल्याचं त्याने बोलून दाखवलं.

आता माझं सांगते. मी एकतीस वर्षं नर्स होते. नवी असताना रात्रपाळीला एक आजोबा होते, आपल्यातलेच, घशाचा कॅन्सर. त्यांच्या लाकडी रोझरीच्या मण्यांवर दातांच्या खुणा होत्या. कळ आली की माळ चावायचे. एका रात्री इंजेक्शन कपाटात कुलूपबंद, किल्ली ज्यांच्याकडे ते डॉक्टर झोपलेले, आणि त्यांना उठवायची मला भीती. मी आजोबांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "आजोबा, येशूला अर्पण करा." त्यांनी डोळे उघडले. आवाज गेलेला होता, कुजबुजतच बोलायचे. म्हणाले, "ते सकाळीच केलं, सिस्टर. आता इंजेक्शन आणा."

मी गेले आणि डॉक्टरांना उठवलं. शिव्या खाल्ल्या.

त्या रात्री मी काय करत होते हे मला फार उशिरा समजलं. मला जे करायला हवं होतं ते मी त्यांच्या प्रार्थनेवर ढकलत होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर १९८४ साली ११ फेब्रुवारीला, लूर्दमाउलीच्या सणाला, एक मोठं पत्र लिहिलं. १९८१ साली गोळ्या झाडल्या गेल्यावर हा माणूस स्वतः ऑपरेशनच्या टेबलावर गेला होता, तेव्हा पुस्तकी बोलणारा नव्हता. त्या पत्रात दुःखाचं मोल सांगून झाल्यावर शेवटाकडे ते चांगल्या शमरोन्याच्या, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसासाठी थांबलेल्या वाटसरूच्या, गोष्टीवर येतात, आणि म्हणतात की ख्रिस्ताने दोन्ही शिकवलं: आपल्या दुःखातून भलं करणं, आणि जो दुःखात आहे त्याचं भलं करणं. रस्त्यात पडलेला माणूस आपलं दुखणं अर्पण करू शकतो. शमरोन्याने मात्र तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधायच्या असतात. त्याने तिथे उभं राहून 'अर्पण कर' म्हटलं असतं तर तो पुढे निघून गेलेल्या याजकापेक्षा वाईट ठरला असता.

तेव्हा आत्याबाईंना माझा नमस्कार सांग आणि रात्री दोनला एकदा येऊन बसायला सांग. जमत नसेल तर दुपारी दोन तास. तेही जमत नसेल तर उपदेश घरी ठेवायला सांग, माझं नाव घेऊन सांग.

तुझ्या आईबद्दल मला अजून एक शंका आहे, आणि ती धर्माची नाही. ज्या बाईने वीसेक वर्षं पोराची दारू पाहिली, तिला मॉर्फिन म्हटल्यावर काय आठवत असेल? नशा. 'घरात एक आहे तेवढा पुरे, मीही त्याच वाटेने जाऊ?' हे ती तुझ्यापाशी बोलणार नाही, कदाचित स्वतःशीही नाही. अर्पण हा त्याहून मानाचा शब्द आहे. तिला स्पष्ट सांग, किंवा डॉक्टरांना तुझ्यादेखत सांगायला लाव: कॅन्सरच्या दुखण्यासाठी देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काही दिवस झोप येते, मग ती बरीच कमी होते. पोट मात्र जड होतं आणि होतच राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. गोळी घड्याळ बघून घ्यायची असते, कळ असह्य होईपर्यंत थांबून नव्हे. बऱ्याच लोकांचं मॉर्फिनबद्दल वाईट मत होतं ते या दोन चुकांमुळे.

आणि मॉर्फिन हा एकच रस्ता नाही. हाडाच्या दुखण्यावर त्याच जागी रेडिएशनचा शेक देतात. कित्येकदा एकच बैठक पुरते, आणि पुढच्या काही आठवड्यांत दुखणं बरंच उतरतं. गोळीला 'नशा' म्हणून नाही म्हणणारी आई कदाचित शेकाला हो म्हणेल. डॉक्टरांना विचार. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे दुखणं हलकं करणारं केंद्र, आहे, १९९७ पासून, पैसे घेत नाहीत. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतं असं समजू नकोस. दुखणं आटोक्यात आणून लोक घरी परतही येतात. तिथे माणसाला वेळ देऊन बोलतात, आणि आईला आत्ता औषधाच्याही आधी तेच लागेल.

अर्पण सोड, असं मात्र तिला कुणीही म्हणू नये. फादर नाही, डॉक्टर नाही, तू तर नाहीच. तिच्या हातात आज तेवढंच काम आहे. तिला संत तेरेजाची गोष्ट सांग, लिझ्यूच्या छोट्या तेरेजाची. क्षयाने २४ व्या वर्षी, १८९७ साली गेली. त्या शेवटच्या आजारात मठात शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरने तिला रोज पाव तास बागेत फिरायला सांगितलं होतं, तब्येतीसाठी. ती पाय ओढत चालायची. दुसरी एक सिस्टर म्हणाली, अगं, बस ना, कशाला चालतेस? तेरेजा म्हणाली, मी एका मिशनऱ्यासाठी चालतेय. तो दूर कुठेतरी दमला असेल. लक्षात आलं का? ती उपचार नाकारत नव्हती. उपचारच करत होती, आणि तोच अर्पण करत होती.

तुझ्या आईने गोळी गिळणं हे काय लहान अर्पण आहे? जी बाई आयुष्यभर कुणापुढे वाकली नाही तिने मुलीच्या हातून औषध घ्यायचं, डुलकी लागली तर लागू द्यायची, पोट जड झाल्याचं सांगायचं, रोझरीत मधेच झोप लागून दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखांवरचा तो जप, अर्ध्यावर राहू द्यायची. हे सगळं पोराच्या नावाने देता येतं. आणि दुखणं गोळीने पूर्ण जात नाही. देण्यापुरतं उरतंच, काळजी नको. हे तू सांगण्यापेक्षा पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियन घेऊन येणाऱ्या फादरनी सांगितलं तर ती ऐकेल. त्यांना आधी गाठ, दारातच सगळी हकीकत सांग आणि आईला एकटीला त्यांच्याशी बोलू दे. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे फादर तेल लावून करतात तो संस्कार, झाला नसेल तर तेही विचार. तो फक्त मरणाऱ्यांसाठी असतो हा गैरसमज आपल्याकडच्या म्हाताऱ्यांत अजून आहे, म्हणून आधी तिला समजावून मग.

भावाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. 'आई तुझ्यासाठी हे सोसतेय' असं त्याच्या तोंडावर फेकू नकोस. त्याला ते माहीत आहे. अपराधी वाटलं म्हणून दारू सुटलेला माणूस मी फारसा पाहिला नाही. त्यापायी जास्त प्यायलेले पुष्कळ पाहिले. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तो येणार नसेल तर तू एकटी जा, घरच्यांशीही बोलतात तिथे. आणि एक कडक सूचना: मॉर्फिन घरात आलं की ते तुझ्या कपाटात, कुलपात, किल्ली तुझ्याकडे. पट्टीतल्या गोळ्या मोजून वहीत लिहायच्या. दारूवर मॉर्फिन पडलं तर माणूस झोपेतच श्वास घ्यायचा थांबू शकतो. त्याला दुसरं काम दे, शुद्धीत असेल त्या वेळचं. आईची कूस बदलायला दोन माणसं लागतात, नाही का?

राहिलीस तू. आईवर ओरडलीस ते मनाला लावून घेऊ नकोस. पापनिवेदनात सांगायचं तर सांग, दोन मिनिटांचं काम आहे. क्रुसाच्या वाटेचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीवरच्या त्या प्रार्थनेचं, पाचवं स्थान आठवतं? कुरेनेकर शिमोन. तो काही हौसेने आला नव्हता. शेतावरून घरी चालला होता, शिपायांनी धरला आणि येशूचा क्रूस खांद्यावर दिला. तो वैतागला नसेल, मनात चार शब्द बोलला नसेल, असं मला तरी वाटत नाही. आणि येशूने त्याला 'राहू दे, माझा मीच वाहतो' म्हटलं नाही. खांदा घेतला. आईला हे स्थान पाठ असेल, दर उपवासकाळात म्हटलंय तिने. तिला वाचून दाखवायला सांग आणि मग विचार, "आई, शिमोनाला तू परत पाठवलं असतंस का?"

काय म्हणते ते मला कळव. आणि मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत रात्रीची कुणीतरी बाई ठेव. पैशाची अडचण असेल तर तुमच्या चर्चच्या, गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉलवाल्यांशी बोल, संकोच करू नकोस. शनिवारी-रविवारी दुपारी झोप. फोन बाजूला ठेवून झोप.

मावशी